डॉ. भाऊ दाजी लाड

नागपूरच्या ईशान्येस रामटेकचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर राम-लक्ष्मणांची मंदिरे आहेत. खाली तलाव, शेते आणि विड्याच्या पानांचे मळे पसरलेले दिसतात, आणि काही अंतरावर वाकाटक राजांची नंदिवर्धन नगरी जेथे नांदत होती ते नगरधन आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील विरही यक्ष ज्या रामगिरीवर राहत होता, तो रामगिरी म्हणजेच हे रामटेक, असे पंडित वासुदेव विष्णु मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनी साधार प्रतिपादन केले. पण कालिदास कोणत्या काळी झाला, वाकाटक कोण होते, हे प्रश्न शास्त्रीय पद्धतीने हाती घेण्याचे धाडस आपल्याकडे प्रथम ज्या थोड्या पुरुषांनी केले, त्यांत एक गृहस्थ पेशाने वैद्य होते. दिवसभर रोग्यांच्या नाड्या पाहाव्या आणि उरल्या वेळी ताम्रपट व शिलालेख वाचावे, असा त्यांचा क्रम होता. ते म्हणजे मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. त्यांचा जन्म १८२२ साली गोव्यातील मांद्रे या गावी झाला. घरची स्थिती गरिबीची होती. लहानपणीच ते वडिलांबरोबर मुंबईस आले. बुद्धी मात्र असामान्य होती. बुद्धिबळाच्या खेळात त्यांनी दाखविलेली चमक पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्यांना इंग्रजी शिक्षण देण्याविषयी वडिलांचे मन वळविले, असे सांगतात. एल्फिन्स्टन विद्यालयात त्यांनी उत्तम विद्यार्थी म्हणून नाव मिळविले आणि पुढे तेथेच शिक्षकाची नोकरी धरली. याच काळात काठेवाड व कच्छ प्रांतांत चालणाऱ्या बालकन्याहत्येच्या दुष्ट रूढीवर त्यांनी निबंध लिहिला व त्याला पारितोषिक मिळाले. समाजाच्या दुखण्याचे निदान करण्याची वृत्ती अशी तरुणपणीच त्यांच्या ठिकाणी दिसून आली.

१८४५ साली मुंबईत ग्रँट वैद्यक महाविद्यालय सुरू झाले. डॉ. चार्ल्स मोरहेड हे त्याचे पहिले प्रमुख. प्रेताला स्पर्श करणे हेच जेथे पाप समजले जाई, तेथे प्रेताची चिरफाड करून शरीररचना शिकण्यास तरुणांनी पुढे यावयाचे, ही सामान्य गोष्ट नव्हती. भाऊंनी शिक्षकाची स्थिर नोकरी सोडली आणि पुन्हा विद्यार्थी होऊन या महाविद्यालयात नाव घातले. १८५१ साली तेथून पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या आठ जणांत भाऊ होते. पुढे प्रार्थनासमाजाची स्थापना करणारे डॉ. आत्माराम पांडुरंग हेही त्यांतच होते.

पदवी तर मिळाली. पण पुढे काय? आज वैद्यकाच्या किंवा जीवशास्त्राच्या पदवीधरापुढे अनेक वाटा असतात. त्या वेळी ठरलेली वाट एकच होती, ती सरकारी नोकरीची. तेथे वेतन नियमित मिळे, पण अधिकाराच्या मोठ्या जागा युरोपियनांसाठी राखलेल्या असत. दुसरी वाट स्वतंत्र व्यवसायाची. ती मात्र कोणी मळलेली नव्हती. गावातील लोक वैद्य-हकिमांकडे जात. साहेबलोक साहेब डॉक्टराकडे जात. इंग्रजी वैद्यक शिकलेल्या देशी डॉक्टरावर ना यांचा विश्वास, ना त्यांचा. अशा स्थितीत स्वतःचे नाव, स्वतःचे कौशल्य आणि स्वतःची जोखीम एवढ्याच भांडवलावर भाऊंनी स्वतंत्र व्यवसाय मांडला.

विश्वास ही वस्तू बाजारात विकत मिळत नाही. ती एकेका रोग्याकडून मिळवावी लागते. भाऊंनी ती तशीच मिळविली. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्याच महाविद्यालयाचे पदवीधर होते. दोघा बंधूंनी मिळून एक धर्मार्थ दवाखाना चालविला. तेथे गोरगरिबांना औषध फुकट मिळे. श्रीमंतांकडून घ्यावे आणि गरिबांना द्यावे, असा या व्यवसायाचा हिशेब होता. या दवाखान्याने एकीकडे पुण्य जोडले आणि दुसरीकडे नव्या वैद्यकाविषयी सामान्य जनतेच्या मनात असलेली भीती घालविली. थोड्याच वर्षांत भाऊ दाजी हे मुंबईतील अग्रगण्य डॉक्टर झाले. एका देशी पदवीधराने सरकारी जागेवाचून मान व द्रव्य दोन्ही मिळविता येतात, हे पुढील पिढीला त्यांच्या उदाहरणाने दिसले.

भाऊंनी पाश्चात्त्य विद्या घेतली, पण आपल्या जुन्या विद्येचा तिरस्कार केला नाही. प्राचीन वैद्यकग्रंथांत सांगितलेल्या वनस्पती खरोखर गुणकारी आहेत काय, हे ते प्रत्यक्ष प्रयोगाने तपासून पाहत. ग्रंथात आहे म्हणून खरे मानावयाचे नाही आणि जुने आहे म्हणून टाकावयाचेही नाही, ही त्यांची रीत होती. महारोगाने त्या काळी सारा देश ग्रासला होता. या रोगावर नवे वैद्यकही हतबल होते. भाऊंनी कडू कवठ या झाडाच्या बियांच्या तेलाचा उपयोग करून महारोग्यांवर उपचार आरंभिले. अनेक रोग्यांना गुण आल्याची वार्ता पसरली आणि दूरदूरचे पीडित लोक त्यांच्याकडे येऊ लागले.

परंतु येथेच त्यांच्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. औषध कोणते, हे जगाला सांगावयाचे की नाही? परीक्षण पूर्ण होऊन खात्री पटेपर्यंत त्यांनी ते उघड केले नाही. अपुऱ्या पुराव्यावर औषध जाहीर केले, तर भलत्यांच्या हाती पडून रोग्यांचे हाल होतील, अशी भीती होती. उलट, औषध गुप्त ठेवले तर इतर डॉक्टरांना त्याची पारख करता येत नव्हती. गुप्तता हा वैद्याचा धर्म नव्हे, अशी टीका त्यांच्यावर झाली. दोन्ही बाजूंस तथ्य होते. दुर्दैवाने हे काम पूर्ण करून प्रसिद्ध करण्याइतके आयुष्य भाऊंना लाभले नाही. त्याच जातीच्या झाडांचे तेल पुढे विसाव्या शतकात जगभर महारोगावर वापरले गेले आणि १९४० नंतर सल्फोन औषधे येईपर्यंत तोच प्रमुख उपाय राहिला. भाऊंची दिशा चुकलेली नव्हती, हे यावरून उघड होते. आणि जे ज्ञान वेळीच लिहून चारचौघांपुढे ठेवले जात नाही, ते कर्त्याबरोबरच जाते, हेही उघड होते.

व्यवसायात मिळालेली प्रतिष्ठा भाऊंनी केवळ आपल्यापुरती ठेवली नाही. १८५२ साली ‘बाँबे असोसिएशन’ ही लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी संस्था निघाली. भाऊ तिचे एक चिटणीस होते. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्या पहिल्या सदस्यांत त्यांची निवड झाली. मुलींच्या शिक्षणाचे ते कट्टे पुरस्कर्ते होते. १८६२ साली गाजलेल्या महाराज खटल्यात एका धनाढ्य संप्रदायाच्या धर्मगुरूंच्या विरुद्ध त्यांनी न्यायासनापुढे निर्भयपणे साक्ष दिली. व्यवसायाला धक्का बसेल याची पर्वा त्यांनी केली नाही. १८६९ मध्ये व पुन्हा १८७१ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीतही त्यांनी डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्या बरोबरीने परिश्रम घेतले. १८७२ साली ते लोकांसाठी खुले झाले.

सर्व दिवस सारखे नसतात. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात शेअरांचे वेड संचारले. १८६५ साली युद्ध थांबले, भाव कोसळले आणि अनेक संपन्न घराणी धुळीस मिळाली. या पडझडीत भाऊंचीही मोठी हानी झाली. पैसा गेला, पण रोग्यांचा विश्वास आणि विद्येचा व्यासंग या दोन ठेवी कोणत्याही बाजाराला बुडविता आल्या नाहीत. त्यांनी आपले काम पूर्ववत चालू ठेवले.

हा व्यासंग केवढा होता! रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे त्यांनी एकामागून एक निबंध वाचले. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त इत्यादी ज्योतिर्विदांचे काल त्यांनी ठरविण्याचा यत्न केला. अजिंठ्याच्या लेण्यांतील झिजलेले लेख त्यांनी वाचले. सोळाव्या लेण्यातील वाकाटकांच्या वंशावळीचा लेखही त्यांत होता. कालिदासावरही त्यांनी निबंध लिहिला. काश्मीरचा राजा मातृगुप्त हाच कालिदास होय, असे त्यांनी त्यात सुचविले. हे मत पुढे टिकले नाही. अजिंठ्याच्या वाचनातही नंतरच्या पंडितांनी दुरुस्त्या केल्या. पण दुरुस्ती होण्यासाठी आधी कोणीतरी वाचन करावे लागते. हे पहिले कष्टाचे काम भाऊंनी केले. रोगाचे निदान करताना जशी एकेका लक्षणाची छाननी करावयाची, तशीच ते एकेका अक्षराची करीत.

३१ मे १८७४ रोजी मुंबई येथे भाऊ दाजींचे निधन झाले. वयाची पन्नाशी ओलांडून त्यांना फार दिवस झाले नव्हते. त्यांचे विखुरलेले लेख एकत्र करून १८८८ साली कलकत्त्यास ग्रंथरूपाने प्रसिद्ध करण्यात आले. ज्या वस्तुसंग्रहालयासाठी ते झटले, त्यास १९७५ साली त्यांचे नाव देण्यात आले.

रामटेकला आज कवीच्या स्मरणार्थ बांधलेले स्मारक आहे आणि १९९७ साली स्थापन झालेले कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालयही आहे. तेथे अभ्यास करणाऱ्यांना कालिदासाच्या कालनिर्णयाचा इतिहास शिकताना भाऊ दाजींच्या नावापाशी थांबावेच लागते. वैद्यकाची पदवी हे त्यांनी उपजीविकेचे साधन केले, पण उपजीविका हे जीवनाचे सर्वस्व केले नाही. नवी वाट पाडणाऱ्याच्या पायांत काटे मोडतात, हे त्यांच्या चरित्रावरून दिसते. आणि त्या वाटेने मागून येणाऱ्यांचे चालणे किती सोपे होते, हेही त्यावरूनच कळते.