कुरणावर भरलेली शाळा

पांढुर्णा आणि सौंसर या बाजूला आपल्यापैकी पुष्कळांची सोयरीक आहे. २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून मध्यप्रदेशात पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. शाळेची सहल निघाली की गाडीभाडे आणि तिकिटाचे पैसे ज्याच्या घरी नसतील ते मूल मागे राहते. ही गोष्ट तेथे घडते तशी आपल्या शहरातही घडते. अशा वेळी ताराबाई मोडकांचे स्मरण होते.

ताराबाई मूळच्या केळकर. जन्म १८९२ सालचा, मुंबईचा. वडील प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते. मुली फारशा शिकत नसत त्या काळात, १९१४ साली, त्या बी. ए. झाल्या. लग्नानंतर काही वर्षे पांढुर्ण्याच्या शेजारच्या अमरावतीस त्यांचे वास्तव्य होते. तो संसार टिकला नाही. पुढे राजकोटला प्राचार्यपदाची मानाची नोकरी मिळाली. तिच्यावर पाणी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात दाखल झाल्या.

माँटेसरीबाईंची पद्धत त्यांना मनापासून पटली होती. परंतु तिची साधने महाग. खेड्यातल्या गरिबाच्या पोराने ती कोठून आणावी? १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालवाडी निघाली. अनुताई वाघ त्यांना येथेच येऊन मिळाल्या. या दोघींनी बिया, पाने, फुले, खडे आणि शिंपले हीच साधने मानली. सृष्टीने फुकट दिलेल्या या वस्तूंवर मुले मोजायला, रंग ओळखायला, लहानमोठे पारखायला शिकली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीतल्या अंगणात नेली आणि ती अंगणवाडी झाली. आज हा शब्द देशभर रुळला आहे.

१९५७ साली हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले दिवसभर गुरे राखीत. शाळेत बसली तर गुरे कोणी पाहायची आणि घरी भाकर कशी मिळायची? मुलांना दोष न देता ताराबाईंनी शाळाच गुरांमागे कुरणावर पाठविली. तिचे नाव कुरणशाळा. गाणाऱ्याला स्वर आधी कानाने ओळखावा लागतो, लिहिणे मागाहून येते. येथेही झाड आधी भेटले, त्याची अक्षरे नंतर आली.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९७३ साली त्या निवर्तल्या.

पांढुर्ण्याला जाम नदीचा काठ आहे, सौंसरला संत्र्याच्या बागा आहेत, आपल्या शहरात जुने बगीचे आहेत. मुलांचे बोट धरून तेथवर चालत जाणारे वडीलधारे माणूस तेवढे हवे. त्याला भाडे पडत नाही.