कालिदासाचा काळ शोधणारे मांद्र्याचे भाऊ दाजी

पेडणे महालातील मांद्रे गावी १८२२ साली जन्मलेले रामकृष्ण विठ्ठल लाड पुढे डॉ. भाऊ दाजी या नावाने ख्यातकीर्त झाले. लहानपणीच ते वडिलांबरोबर मुंबईस गेले, एल्फिन्स्टन विद्यालयात शिकले आणि १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडले. गरिबांचे डॉक्टर, बॉम्बे असोसिएशनचे चिटणीस, स्त्रीशिक्षणाचे पुरस्कर्ते, दोनदा मुंबईचे शेरीफ, ही त्यांची ओळख आपल्या सभासदांना नवी नाही. येथे सांगावयाचे आहे ते त्यांच्या एका निराळ्या व्यासंगाविषयी.

कालिदास नेमका केव्हा होऊन गेला, हा प्रश्न भाऊंच्या मनाने घेतला होता. परंपरेने कवीला विक्रम संवताच्या आरंभी, म्हणजे इसवी सनापूर्वी ५७ च्या सुमारास नेऊन बसविले होते. भाऊंना ते पटेना. काश्मीरच्या राजतरंगिणीत मातृगुप्त नावाच्या कवीला उज्जयिनीच्या विक्रमादित्याने काश्मीरचे राज्य दिल्याची कथा आहे. हा मातृगुप्त म्हणजेच कालिदास, आणि त्याचा काळ सहावे शतक, असे प्रतिपादन करणारा निबंध त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे मांडला. हा निष्कर्ष पुढे टिकला नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. आज बहुतेक विद्वान कालिदासाला गुप्तकाळात, इसवी सन ४०० च्या आसपास मानतात. इसवी सन ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात त्याचे नाव आढळते, तेव्हा त्याच्या काळाची खालची मर्यादा तरी दगडानेच निश्चित केली.

पण भाऊंचे मोठेपण त्या निष्कर्षात नाही. कवींच्या आणि राजांच्या काळाचा निवाडा दंतकथेवर सोपवू नये, कोरीव लेख स्वतः पाहून वाचावेत, हा आग्रह त्यांनी धरला. दिवसभर रोगी तपासायचे आणि उरलेल्या वेळात जुनागडचे, अजिंठ्याचे लेख लावायचे, असा त्यांचा क्रम. अजिंठ्याच्या लेखांच्या त्यांच्या वाचनामुळे वाकाटकांच्या इतिहासाला मोठा आधार मिळाला. त्या वाचनात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, ही गोष्ट वेगळी. आपल्या डिचोली महालात हरवळ्याच्या लेण्यांतील शिवलिंगावरची अक्षरे ज्यांनी न्याहाळली असतील, त्यांना झिजल्या दगडावर अक्षर लावणे किती चिकाटीचे काम आहे, हे ठाऊकच असेल.

हे काम एकट्याचे नव्हते. जुनागडचे तरुण पंडित भगवानलाल इंद्रजी यांना भाऊंनी आपल्या पदरी ठेवले आणि लेखांचे ठसे, नाणी व हस्तलिखिते गोळा करण्यास देशभर पाठविले. भाऊंच्या नावे प्रसिद्ध झालेल्या कित्येक वाचनांमागे भगवानलालांचे डोळे आणि पायपीट आहे. त्याचे श्रेय त्यांना उशिरानेच मिळाले. पोथ्यांच्या शोधातूनच आर्यभटाचा काळ निश्चित करण्याचे काम भाऊंच्या हातून झाले, आणि तो निबंध १८६५ साली लंडनच्या सोसायटीच्या नियतकालिकात आला.

त्याच वर्षी मुंबईतील शेअरबाजार कोसळला आणि भाऊंची सांपत्तिक स्थिती पार ढासळली. तरीही संशोधनावरचा खर्च त्यांनी थांबविला नाही. भगवानलालांचा अखेरचा मोठा दौरा उत्तर हिंदुस्थानातून थेट परमुलखात, नेपाळात गेला. पण त्या दौऱ्याचे फळ हाती घेण्यास भाऊ उरले नाहीत. ३१ मे १८७४ रोजी ते निवर्तले. काठमांडूच्या खोऱ्यातील ते लेख १८८० साली डॉ. ब्यूलर यांच्या साहाय्याने भगवानलालांनी प्रसिद्ध केले. भाऊंचे विखुरलेले निबंध कलकत्त्यास १८८८ साली ग्रंथरूपाने निघाले. त्यांनी जमविलेली हस्तलिखिते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात त्यांच्याच नावाने जतन केलेली आहेत, आणि ज्या वस्तुसंग्रहालयासाठी ते झटले, त्याला १९७५ साली त्यांचे नाव देण्यात आले.