निरक्षर माणसाच्या नावाचे विद्यापीठ

आम्हा वाशीम जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकेवर ज्या माणसाचे नाव छापलेले असते, त्याला स्वतःला शाळेचे शिक्षण कधी मिळाले नाही. १९८३ साली अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि २००५ साली त्याला संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. रोज डोळ्यांखालून जाणाऱ्या नावाचा आपण विचार करीत नाही. परंतु शाळेबाहेर मिळविलेल्या ज्ञानाला महाविद्यालयात किती मोल द्यावे, हा प्रश्न आज पुढे आला असताना त्या नावामागचे आयुष्य मला पुन्हा उलगडून पाहावेसे वाटते.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी अकाली गेले. आई सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आली. मामांच्या घरी डेबूने गुरे राखली, नांगर धरला, पेरणी केली. ढोरामागे हिंडता हिंडता पाऊस, माती आणि माणूस ओळखण्याची विद्या त्याने कमावली. त्या विद्येला वर्ग नव्हता, परीक्षा मात्र रोज होती.

सर्वांत कठोर धडा सावकाराने दिला. अक्षर न ओळखणाऱ्या माणसाचा अंगठा कागदावर उठला, की शेत कसे हातचे जाते, हे डेबूने मामांच्या घरातच पाहिले. निरक्षरता म्हणजे केवळ वाचता न येणे नव्हे, तर ती लुबाडणुकीला दिलेली मोकळीक आहे, ही जाण तेथेच रुजली असावी.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि जवळ एक फुटके गाडगे. गावात शिरले की आधी गाव झाडायचे, काम केल्यावरच भाकरी घ्यायची आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे, असा त्यांचा क्रम होता. कीर्तनात ते समोरच्या शेतकऱ्यालाच प्रश्न विचारीत आणि त्याच्याच तोंडून उत्तर काढून घेत. कर्ज, दारू, नवसाला दिला जाणारा बकरा, शिवाशिव, असे विषय वऱ्हाडी बोलीत उलगडत जात. अध्यापनशास्त्राचा एकही ग्रंथ न वाचता हजारोंच्या समुदायाला विचार करायला लावणारा असा शिक्षक विरळाच.

लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा पुढे त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. एवढी बांधकामे उभी करताना जागा, माणसे आणि पैसा या तिन्हींचा मेळ घालावा लागतो. ही सारी जाण अनुभवातून आलेली होती. १९५४ साली कराडला रयत शिक्षण संस्थेने काढलेल्या महाविद्यालयाला त्यांच्या हयातीतच त्यांचे नाव दिले गेले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर त्यांचे देहावसान झाले.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने शाळा हुकलेल्यांनाही पूर्वतयारीच्या परीक्षेतून पदवीकडे जाण्याची वाट करून दिली होती. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात तीस तासांच्या अध्ययनाला एक श्रेयांक, असे माप ठरले आणि कामाच्या अनुभवालाही मूल्यमापनानंतर श्रेयांक देण्याची सोय ठेवण्यात आली. या महाविद्यालयात येण्यापूर्वी चार वर्षे मी बाजार समितीच्या आवारात एका अडत दुकानात हिशेब लिहीत होतो. तूर आणि सोयाबीनची हिशेबपट्टी, हमाली, तोलाई यांची कपात मला पाठ होती. अर्थशास्त्राच्या तासाला बाजारभावाचा विषय निघाला, की त्यातील पुष्कळसे मला ओळखीचे वाटते. ते ज्ञान मोजले जावे, असे मलाही वाटते. माझ्या वर्गात शिवणकाम करून, ट्रॅक्टर चालवून शिकणारे आहेत. त्यांनाही तसेच वाटत असेल.

परंतु बाबांचे चरित्र येथे आपल्याला थांबवून विचार करायला लावते. अनुभवाच्या बळावर एवढे मोठे काम केलेल्या या माणसाने शाळेवाचून आपले काही अडले नाही, असा अभिमान कधी मिरविला नाही. उलट घरातली भांडी विकावी, हातावर भाकरी घेऊन खावी, पण मुलाला शाळेत घालावे, असेच ते गावोगाव सांगत फिरले. मला हिशेब लिहिता येत होता. पण हंगामात भाव का पडतो आणि तो कोण पाडतो, हे विचारायला मी येथे शिकलो. अनुभवाने प्रश्न हाती दिला, महाविद्यालयाने तो मांडण्याची भाषा दिली.

म्हणून अनुभवाचे श्रेयांक जरूर द्यावेत, मात्र ते नीट पारखून द्यावेत. ते वर्गाचा दरवाजा उघडण्यासाठी असावेत, वर्ग टाळण्यासाठी नसावेत. शेतात, दुकानात, गोठ्यात शिकलेला माणूस आपल्या शेजारच्या बाकावर येऊन बसला, तर विद्यापीठाला दिलेले ते नाव खऱ्या अर्थाने सार्थ होईल.