संसारी संत गोरोबाकाका

धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर नगरी. याच पुण्यभूमीत 13व्या शतकात संत गोरोबा कुंभार होऊन गेले. ज्ञानदेव-नामदेवांच्या मेळ्यात ते वयाने वडील. म्हणून सारे संत त्यांना आदराने काका म्हणत.

गोरोबांनी ना चाक सोडले, ना संसार. परंतु विठ्ठलनामात देहभान हरपून चिखल तुडविताना रांगते बाळ पायांखाली आले, असे परंपरा सांगते. शोकाकुल पत्नी संतीने विठ्ठलाची निंदा करताच ते तिच्यावर धावले. तिने अंगाला स्पर्श न करण्याची विठ्ठलाची शपथ घातली. ती त्यांनी कसोशीने पाळली. वंशासाठी संतीने धाकटी बहीण रामी सवत म्हणून आणली. दोघींना समान वागविण्याच्या सासऱ्यांच्या आज्ञेने ते तिच्यापासूनही अलिप्त राहिले. निद्रेत शपथ मोडताच त्यांनी स्वतःचे हात तोडले. पुढे पंढरीत नामदेवांच्या कीर्तनात हात फुटले, बाळ परतले, संतीने शपथ सोडविली.

मडके पारखावे तशी थापटण्याने संतांची मस्तके पारखून त्यांनी नामदेवांना कच्चे ठरविले. तेव्हाच नामदेव विसोबा खेचरांना शरण गेले.

शके 1239च्या (इ. स. 1317) चैत्र वद्य त्रयोदशीस काका तेर येथे समाधिस्थ झाले, असे मानतात. दर चैत्रात तेथे यात्रा भरते. भक्ताची खरी परीक्षा देवळाइतकीच घरातही होते, हीच या चरित्राची शिकवण होय.