जॉन क्विन्सी ॲडम्स : खुर्ची गेल्यावर मोठा झालेला राष्ट्राध्यक्ष



अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष कोण, असं विचारलं तर तुम्ही लगेच हात वर कराल. जॉर्ज वॉशिंग्टन! अब्राहम लिंकन यांचं नावही तुम्हाला ठाऊक असतं. पण सहावे राष्ट्राध्यक्ष कोण, असं विचारलं तर? बहुतेक जण गप्प बसतील. आज आपण त्यांचीच ओळख करून घेणार आहोत. त्यांचं नाव जॉन क्विन्सी ॲडम्स. हा माणूस राष्ट्राध्यक्ष म्हणून फारसा यशस्वी झाला नाही. निवडणूक हरला. पण त्याचं सगळ्यात मोठं काम त्या हरण्यानंतर सुरू झालं. ते कसं, चला पाहूया.

थोडक्यात परिचय

जन्म : 11 जुलै 1767, ब्रेनट्री, मॅसॅच्युसेट्स
वडील : जॉन ॲडम्स (अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष)
आई : ॲबिगेल ॲडम्स
पत्नी : लुईसा कॅथरीन
राष्ट्राध्यक्षपद : 1825 ते 1829
मृत्यू : 23 फेब्रुवारी 1848, वॉशिंग्टन

युद्ध पाहिलेलं बालपण

जॉन जन्मला तेव्हा अमेरिका नावाचा स्वतंत्र देशच नव्हता. तिथे इंग्रजांच्या वसाहती होत्या. 1775 साली इंग्रजांविरुद्ध लढा सुरू झाला. त्याचे वडील फिलाडेल्फियाला वसाहतींच्या परिषदेत गेलेले. घर, शेती आणि मुलं सगळं आई सांभाळत होती. 17 जून 1775 रोजी बॉस्टनजवळ बंकर हिलची लढाई झाली. आईने छोट्या जॉनचा हात धरला आणि घराजवळच्या टेकडीवर नेलं. लांबून तोफांचा आवाज येत होता, धूर दिसत होता. जॉनला तेव्हा आठ वर्षंही पूर्ण झाली नव्हती. विचार करा, तुम्ही दुसरी-तिसरीत असताना हे पाहिलं असतं तर? ही आठवण त्याने आयुष्यभर जपली.

दहा वर्षांचा असताना तो वडिलांबरोबर जहाजाने फ्रान्सला गेला. वडील तिथे नव्या देशासाठी मदत मागायला गेले होते. पुढे पॅरिस, ॲम्स्टरडॅम, लायडन अशा ठिकाणी त्याचं शिक्षण झालं. फ्रेंच तर तो सहज बोलू लागला. त्यामुळे झालं काय, वयाच्या अवघ्या 14 व्या वर्षी त्याला रशियात जायची संधी मिळाली. अमेरिकेच्या एका प्रतिनिधीचा सचिव आणि दुभाषी म्हणून! रशियाच्या दरबारी तेव्हा फ्रेंच भाषा चालायची आणि त्या प्रतिनिधीला ती नीट येत नव्हती. म्हणजे मोठ्या माणसाचं बोलणं एक पोरगा समजावून सांगत होता.

याच काळात त्याला एक सवय लागली. 1779 साली, बारा वर्षांचा असताना, त्याने रोजनिशी लिहायला घेतली. ती थेट मरणाच्या आधीपर्यंत चालू राहिली. 51 वह्या, 14,000 हून जास्त पानं! आज अमेरिकेच्या इतिहासाचा अभ्यास करणारे लोक ही रोजनिशी उघडल्याशिवाय पुढे जात नाहीत.

परदेशातील कामगिरी

परत आल्यावर जॉनने हार्वर्डमधून 1787 साली पदवी घेतली आणि नंतर वकिली सुरू केली. 1794 मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी त्यांना नेदरलँड्समध्ये अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून पाठवलं. वय फक्त 26! पुढे प्रशिया, रशिया आणि ब्रिटन इथेही त्यांनी देशाचं काम पाहिलं. 1797 साली लंडनमध्ये लुईसा यांच्याशी त्यांचं लग्न झालं.

मधल्या काळात, 1803 ते 1808, ते सिनेटचे सदस्य होते. इथे त्यांचा स्वभाव लोकांना कळला. पक्ष काय म्हणतो यापेक्षा आपल्याला काय पटतं ते पाहायचं, असा त्यांचा बाणा. लुइझियाना प्रदेश विकत घेण्याला त्यांच्या पक्षाचा विरोध होता, यांनी पाठिंबा दिला. 1807 साली परदेशी व्यापार बंद करणारा कायदा आला. त्याने त्यांच्याच राज्यातल्या बंदरांचं नुकसान होणार होतं, तरी देशाचा मान राखण्यासाठी त्यांनी त्याच्या बाजूने मत दिलं. मग काय, पक्ष चिडला. मुदत संपायच्या कितीतरी आधीच राज्याने त्यांच्या जागी दुसरा माणूस निवडून ठेवला. ॲडम्स यांनी राजीनामा दिला.

पण काम थांबलं नाही. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात 1812 मध्ये पुन्हा युद्ध पेटलं होतं. ते संपवणारा तह 24 डिसेंबर 1814 रोजी बेल्जियममधल्या गेंट शहरात झाला. अमेरिकेच्या बाजूने बोलणी करणाऱ्यांचे प्रमुख ॲडम्स होते.

1817 पासून आठ वर्षं ते राष्ट्राध्यक्ष मन्रो यांचे परराष्ट्रमंत्री होते. 1819 च्या करारात त्यांनी स्पेनकडून फ्लोरिडा मिळवलं आणि देशाची हद्द पॅसिफिक महासागरापर्यंत मान्य करून घेतली. युरोपातील राजांनी अमेरिका खंडात नव्या वसाहती करू नयेत, हे धोरण 1823 साली जाहीर झालं. त्याला नाव मन्रो यांचं आहे, पण त्यामागे ॲडम्स यांचं डोकं मोठ्या प्रमाणावर होतं. आजही अनेक इतिहासकार त्यांना अमेरिकेच्या सर्वोत्तम परराष्ट्रमंत्र्यांमध्ये धरतात.

राष्ट्राध्यक्षपद आणि पराभव

1824 ची निवडणूक फार गाजली. चार उमेदवार होते. निर्वाचक मतं अशी पडली : अँड्र्यू जॅक्सन 99, ॲडम्स 84, क्रॉफर्ड 41 आणि हेन्री क्ले 37. एकूण मतं 261, म्हणजे जिंकायला 131 हवीत. कोणाकडेच नव्हती! अशा वेळी राज्यघटनेनुसार पहिल्या तिघांतून प्रतिनिधीगृह निवड करतं आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत असतं. राज्यं 24 होती. 9 फेब्रुवारी 1825 रोजी मतदान झालं. ॲडम्स यांना नेमकी 13 राज्यं मिळाली. ते जिंकले.

हेन्री क्ले यांनी ॲडम्स यांना पाठिंबा दिला होता. नंतर ॲडम्स यांनी त्यांनाच परराष्ट्रमंत्री केलं. झालं! जॅक्सन यांच्या माणसांनी सौदेबाजी झाल्याचा गजर सुरू केला. तो आरोप चार वर्षं पाठ सोडेना.

राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांची स्वप्नं मोठी होती. देशभर रस्ते आणि कालवे, एक राष्ट्रीय विद्यापीठ, आकाशातील तारे पाहण्यासाठी वेधशाळा. आज हे सगळं आपल्याला साधं वाटतं. पण त्या वेळच्या संसदेने बरंचसं हाणून पाडलं, वेधशाळेची तर थट्टा केली. ॲडम्स लोकांत मिसळणारे नव्हते, गोड बोलून माणसं जोडणं त्यांना जमत नसे. 1828 च्या निवडणुकीत जॅक्सन यांनी त्यांचा 178 विरुद्ध 83 असा सपशेल पराभव केला.

त्यातच घरावर दुःख कोसळलं. 1826 साली 4 जुलैला, देशाच्या स्वातंत्र्याला बरोबर 50 वर्षं झाली त्या दिवशी, वडील गेले. 1829 मध्ये थोरला मुलगा जॉर्ज जहाजावरून पाण्यात पडून गेला. सत्ता गेली, मुलगा गेला. वय 61. आता घरी बसून पुस्तकं वाचत राहायचं, असंच कोणालाही वाटलं असतं.

पुन्हा साधा सदस्य

1830 साली गावाकडच्या लोकांनी त्यांना प्रतिनिधीगृहासाठी उभं राहायला सांगितलं. मित्रांनो, जो माणूस देशाचा प्रमुख होता त्याने साधा सदस्य म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसायचं? घरच्यांनाही हे पटलं नव्हतं. पण ॲडम्स यांना त्यात कमीपणा वाटला नाही. ते निवडून आले आणि पुढे सलग 17 वर्षं, मरेपर्यंत, तिथेच राहिले.

तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गुलामगिरी होती. माणसं बाजारात विकली जायची. ही प्रथा बंद करा, अशी मागणी करणारे अर्ज उत्तरेतील लोक संसदेकडे पाठवू लागले. त्यात हजारो स्त्रियाही होत्या. 1836 साली प्रतिनिधीगृहाने ठरवलं की गुलामगिरीविषयीचा कोणताही अर्ज वाचायचा नाही, छापायचा नाही, त्यावर चर्चा करायची नाही. सरळ बाजूला ठेवायचा. म्हणजे लोकांच्या तोंडाला कुलूपच!

ॲडम्स उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं की अर्ज पटो वा न पटो, तो देण्याचा हक्क राज्यघटनेनेच लोकांना दिला आहे. ते दर अधिवेशनात अर्जांचे गठ्ठे घेऊन येत. आरडाओरडा होई, खाली बसा म्हणून सांगितलं जाई, तरी नियमातली फट शोधून ते बोलत राहत. बायकांनी राजकारणात पडू नये असं म्हणणाऱ्यांनाही त्यांनी सभागृहात सुनावलं. त्यांना जिवे मारण्याच्या धमकीची पत्रं येत. 1837 आणि पुन्हा 1842 साली त्यांचा निषेध करून त्यांना गप्प बसवायचा प्रयत्न झाला. दोन्ही वेळा तो फसला. शेवटी 3 डिसेंबर 1844 रोजी 108 विरुद्ध 80 मतांनी तो नियम रद्द झाला. आठ वर्षं लागली. ॲडम्स तेव्हा 77 वर्षांचे होते.

ॲमिस्टॅड जहाजाचा खटला

1839 साली आफ्रिकेतून पळवून आणलेल्या 53 माणसांना क्युबातल्या हवाना इथे विकण्यात आलं. त्यात चार लहान मुलंही होती. ॲमिस्टॅड नावाच्या जहाजातून नेत असताना सिंके नावाच्या तरुणाच्या पुढाकाराने त्यांनी बंड केलं आणि जहाज ताब्यात घेतलं. त्यांना आफ्रिकेला परत जायचं होतं, पण जहाज अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलं आणि सगळे तुरुंगात गेले. स्पेन म्हणालं, हे आमच्या लोकांचे गुलाम, परत द्या. अमेरिकेचं सरकारही देऊन टाकायला तयार होतं.

खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. ॲडम्स 73 वर्षांचे. हात थरथरायचे, डोळ्यांना त्रास. त्या न्यायालयात उभं राहून तीस वर्षांहून अधिक काळ लोटलेला. तरी त्यांनी वकीलपत्र घेतलं. फेब्रुवारी-मार्च 1841 मध्ये दोन दिवस मिळून आठ तासांहून जास्त ते बोलले. ही माणसं जन्माने स्वतंत्र आहेत, त्यांना पळवून आणलं गेलं, म्हणून ती कोणाची मालमत्ता नाहीत, हा त्या बाजूचा मुद्दा होता. 9 मार्चला निकाल लागला आणि त्यांना मुक्त करण्यात आलं. जिवंत राहिलेले 35 जण पुढच्या वर्षी आपल्या मायभूमीला, सिएरा लिओनला पोहोचले.

एक गोष्ट मात्र खरी सांगायला हवी. मंत्री आणि राष्ट्राध्यक्ष असताना ॲडम्स गुलामगिरीविरुद्ध उघड फारसं बोलले नव्हते. त्यांचा राग तेव्हा रोजनिशीच्या पानांतच राहिला. हातात मोठी सत्ता होती तेव्हा ते गप्प होते आणि सत्ता गेल्यावर बोलले. चरित्र वाचताना हेही लक्षात ठेवायचं, बरं का. माणूस मोठा म्हणजे चुकला नाही असं नसतं.

शेवटचा दिवस

21 फेब्रुवारी 1848. मेक्सिकोबरोबरच्या युद्धाला ॲडम्स यांचा विरोध होता. त्या युद्धातील सेनापतींच्या गौरवाच्या ठरावावर मतदान चालू होतं. ॲडम्स यांनी मोठ्या आवाजात नकार दिला. थोड्याच वेळात ते आपल्या जागेवरच कोसळले. त्यांना सभापतींच्या खोलीत नेलं. दोन दिवसांनी तिथेच त्यांनी प्राण सोडला. वय 80. त्या वेळी त्याच सभागृहात इलिनॉयमधून आलेला एक नवा सदस्य होता. त्याचं नाव अब्राहम लिंकन. पुढे 1865 साली अमेरिकेतून गुलामगिरी कायद्याने संपली.

मित्रांनो, निवडणुकीत हरलो, पहिला नंबर गेला, पद गेलं, की सगळं संपलं असं आपल्याला वाटतं. ॲडम्स यांच्याकडे पाहा. सगळ्यात मोठ्या खुर्चीवर असताना जे जमलं नाही, ते त्यांनी साध्या बाकावर बसून केलं. म्हणून तुमच्या हातात आज जी लहानशी जागा आहे, तिथून काय करता येईल ते आधी बघा.

विचार करा आणि लिहा

1. जॉनला रशियात दुभाषी म्हणून जाण्याची संधी का मिळाली?
2. 1824 च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्षाची निवड प्रतिनिधीगृहाने का केली?
3. जो अर्ज आपल्याला पटत नाही, तोही ऐकून घेतला पाहिजे का? तुमचं मत सांगा.
4. आजपासून आठ दिवस रोज पाच ओळी रोजनिशी लिहा.