विश्लेषण : ‘टीएमटी’च्या अहवालातले ब्रूस कोण?

हृदयाच्या तपासणीसाठी ट्रेडमिलवर चालून आलेल्या व्यक्तीच्या हाती जो अहवाल पडतो, त्यावर बहुतेक वेळा ‘ब्रूस प्रोटोकॉल’ असे दोन शब्द छापलेले असतात. यंत्राचे मॉडेल असेल, असे समजून नजर पुढे ‘पॉझिटिव्ह’ की ‘निगेटिव्ह’ याकडे जाते. प्रत्यक्षात ते एका अमेरिकी डॉक्टरचे आडनाव आहे. रॉबर्ट आर्थर ब्रूस यांचा जन्म १९१६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील सॉमरव्हिलचा. बोस्टनमध्ये पदवी घेऊन ते रोचेस्टर विद्यापीठात गेले आणि १९४३ मध्ये डॉक्टर झाले.

त्याआधी काय होते?

त्या काळी हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणातून हलू दिले जात नसे. अशा माणसाला मुद्दाम दमवायचे, ही कल्पनाच धाडसाची होती. पण अडचण खरी होती. निवांत पडलेल्या माणसाचा ईसीजी अनेकदा अगदी स्वच्छ येतो. धमनी अरुंद झालेली असली, तरी विश्रांतीत हृदयाला लागणारे रक्त तिच्यातून पुरेसे जाते. मागणी वाढली, की तुटवडा उघड होतो.

न्यूयॉर्कचे डॉ. आर्थर मास्टर यांनी १९२९ मध्ये यावर एक साधा उपाय सुचवला होता. नऊ इंच उंचीच्या दोन पायऱ्या रुग्णाने ठरावीक वेळा चढायच्या-उतरायच्या. सुरुवातीला फक्त नाडी आणि रक्तदाब पाहत. ईसीजीची जोड नंतर मिळाली, तीही चढउतार संपल्यावर. त्यामुळे ऐन श्रमात हृदयाचे काय होत होते, ते दिसतच नसे. शिवाय हा व्यायाम अशक्त रुग्णाला झेपत नसे आणि धडधाकट माणसाचा त्यात कस लागत नसे.

ब्रूस यांनी काय बदलले?

रोचेस्टरमध्ये असतानाच त्यांनी रुग्णांना ट्रेडमिलवर एकाच वेगाने चालवून नोंदी घ्यायला सुरुवात केली. त्याविषयीचे लेखन १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. १९५० मध्ये ते सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हृदयरोग विभागाचे पहिले प्रमुख झाले. तिथे वेन क्विंटन या अभियंत्याने रुग्णालयात वापरता येईल असे हलके ट्रेडमिल बनवून दिले. चालत्या माणसाचा ईसीजी सलग घेणे तेव्हा सोपे नव्हते. छातीवरचे इलेक्ट्रोड जरा हलले, तरी कागदावर नुसता गोंधळ उमटे.

१९६३ मध्ये त्यांनी टप्प्याटप्प्याने श्रम वाढवणारी पद्धत प्रसिद्ध केली. दर तीन मिनिटांनी वेग वाढतो आणि चढही वाढतो. पहिल्या टप्प्यात ताशी सुमारे २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, म्हणजे शंभर मीटरमागे दहा मीटर उंची. दुसऱ्यात ४ किलोमीटर आणि १२ टक्के, तिसऱ्यात साडेपाच किलोमीटर आणि १४ टक्के. चौथ्यात चढ १६ टक्क्यांवर जातो आणि भलेभले धावू लागतात. पहिला टप्पा अनेक आजारी माणसांना झेपतो आणि शेवटचे टप्पे खेळाडूलाही घाम फोडतात. एकच मोजपट्टी सर्वांना लागू पडली, हे या पद्धतीचे खरे यश.

चाचणी कधी थांबवतात?

छातीत वाढत जाणारे दुखणे, घेरी, ठोक्यांची धोकादायक अनियमितता किंवा श्रम वाढत असताना वरचा रक्तदाब खाली येणे. यातला रक्तदाब हा इशारा सर्वात गंभीर मानावा लागतो, कारण हृदय पंप म्हणून कमी पडत असल्याची ती खूण असू शकते. म्हणूनच शेजारी प्रशिक्षित माणूस आणि शॉक देणारे यंत्र लागते. पट्टा थांबल्यावरही काही मिनिटे नोंद चालू ठेवतात, कारण काही बदल विश्रांतीतच उमटतात.

अहवाल कसा वाचायचा?

ईसीजीतला ‘एसटी’ हा भाग सपाट किंवा उतरता होऊन एक मिलिमीटर वा अधिक खाली गेला, तर चाचणी ‘पॉझिटिव्ह’ म्हणतात. तेवढ्यावरून धमनीत अडथळा आहेच असे ठरत नाही. स्त्रियांमध्ये असा चकवा अधिक मिळतो. उलट ‘निगेटिव्ह’ म्हणजे आयुष्यभराची हमी नव्हे. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी पुरेशी वाढतच नाही आणि चाचणी अर्धवट ठरू शकते.

ब्रूस यांचा भर एका रेषेपेक्षा माणसाच्या क्षमतेवर होता. वयाच्या मानाने अपेक्षित क्षमतेपेक्षा रुग्ण किती मागे आहे, हे मोजण्याची पद्धत त्यांनी दिली. ईसीजीतला बदल सारखाच असला, तरी चौथ्या मिनिटाला थांबलेला आणि अकराव्या मिनिटापर्यंत चाललेला, या दोघांची जोखीम सारखी नसते. ड्यूक विद्यापीठाच्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये मांडलेल्या गुणांकनाची सुरुवातही चाललेल्या मिनिटांपासूनच होते.

निरोगी माणसांनी ही चाचणी करावी का, हा प्रश्न आज ‘हेल्थ चेकअप’ पॅकेजमुळे घरोघरी आला आहे. ब्रूस यांनी तो सत्तरच्या दशकातच ‘सिएटल हार्ट वॉच’ या अभ्यासात हाताळला. धूम्रपान, उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्ट्रॉल असा कोणताच धोका नसलेल्या निरोगी पुरुषांमध्ये चाचणीने फारसे काही अधिक सांगितले नाही. धोक्याचे घटक असलेल्यांमध्ये मात्र चाचणीतले दोष बोलके ठरले. पॅकेज निवडताना हा भेद क्वचितच सांगितला जातो.

ब्रूस २००४ मध्ये वयाच्या ८७व्या वर्षी वारले. अशक्त आणि वृद्ध रुग्णांसाठी त्यांच्या पद्धतीत आता सुरुवातीला दोन सौम्य टप्पे जोडतात. पहिल्यात चढ शून्य असतो.