ग्रंथांसाठी काटकसर

इ. स. १९१३ च्या जुलै महिन्यात बावीस वर्षांचा एक तरुण न्यूयॉर्क शहरी येऊन पोहोचला. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचे पितृछत्र हरपले होते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी उच्च शिक्षणासाठी त्यांना तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली होती. दरमहा साडेअकरा पौंड हाती येत. त्यातच राहणे, जेवण, कपडे व ग्रंथ यांचा खर्च भागवावयाचा होता. शिवाय मुंबईतील कुटुंबालाही काही रक्कम धाडावयाची होती.

पहिले काही महिने नव्या मित्रांच्या संगतीत मौजेत गेले. परंतु आपण येथे कशासाठी आलो, याची जाणीव भीमरावांना लवकरच झाली. करमणुकीवरील खर्च त्यांनी बंद केला. जेवण साधे ठेवले. कोलंबिया विद्यापीठाचे ग्रंथालय हेच त्यांचे घर झाले. पोटाला चिमटा घेऊन वाचविलेल्या पैशांतून ते जुन्या ग्रंथांच्या दुकानांतून पुस्तके घेत. अशी सुमारे दोन हजार पुस्तके त्यांनी जमविली.

१९१६ साली ते लंडनला गेले व अर्थशास्त्राचा अभ्यास करू लागले. तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी तेवढी त्यांनी मिळविली. त्यांचे सामान दुसऱ्या जहाजाने येत होते. ते महायुद्धाचे दिवस होते. पाणतीराच्या माऱ्याने ते जहाज बुडाले आणि उपाशी राहून जमविलेली बरीचशी पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली.

तरीही भीमराव खचले नाहीत. १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. दरमहा साडेचारशे रुपये वेतन मिळू लागले. त्या काळी ही रक्कम मोठी होती. पण राहणी मात्र चाळीतीलच राहिली. घरखर्चापुरते पैसे पत्नी रमाबाईंच्या हाती देऊन ते उरलेली रक्कम शिल्लक टाकीत. तेवढ्याच पैशांत रमाबाई सारा संसार नेटाने चालवीत. त्यांच्या सोशिकपणावाचून ही बचत घडली नसती.

१९२० साली ही शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, एवढ्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. आता एकेक पैसा मोलाचा होता. सकाळी पावाचा तुकडा खाऊन ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात. दुपारी इतर वाचक जेवावयास उठत. भीमराव मात्र जागचे हलत नसत. त्यामुळे वेळही वाचे व पैसाही. भाडे वाचविण्यासाठी ते पायी फिरत. रात्री अभ्यास करताना भूक अनावर झाली, की भाजलेले चार पापड आणि पेलाभर कढण एवढ्यावर ते निभावून नेत व पुन्हा पहाटेपर्यंत वाचीत बसत.

१९२२ साली ते बॅरिस्टर झाले. ‘रुपयाचा प्रश्न’ हा विषय घेऊन त्यांनी प्रबंध लिहिला. परीक्षकांनी त्यात फेरफार सुचविले. परंतु पैसे संपत आल्यामुळे १९२३ साली त्यांना मुंबईस परतावे लागले. येथूनच त्यांनी प्रबंध सुधारून धाडला आणि त्याच वर्षी लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. ही पदवी त्यांना मिळाली. एकेक रुपया जपणाऱ्या या विद्यार्थ्याने रुपयाचेच शास्त्र जगापुढे मांडले!

काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे. कंजूष माणूस पैशासाठी पैसा साठवितो. बाबासाहेबांनी तो ज्ञानासाठी साठविला. पुढे दादरला घर बांधताना त्यांनी सर्वांत आधी ग्रंथांच्या जागेचा विचार केला. १९५० साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे महाविद्यालय काढले. तेच मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यात तेव्हा उच्च शिक्षणाच्या सोयी फार अपुऱ्या होत्या. उमरग्यासारख्या दूरच्या तालुक्यांतील गरीब मुलांनाही त्यामुळे शिक्षणाचे एक दार उघडले. लंडनच्या थंडीत एका विद्यार्थ्याने सोसलेल्या भुकेचे असे चीज झाले.